वासरांची टेकडी

सिरोंकाला आता काही विचारायची सोय उरलेली नाही. जनावरं बघायला आलेल्या पाहुण्यांनी गाडीतून नुसतं "ते झाड कसलं?" म्हणावं, तर हा सांगणार की झाड रानजैतुनाचं, त्याच्या निखाऱ्यानं आमच्या बाया दूध ठेवायचे पोकळ भोपळे आतून घासतात, ही तुटकी फांदी नोलमालाच्या सासूनं तोडलेली आणि खालच्या सावलीत दुपारी कुणाकुणाच्या शेळ्या बसतात. पाहुणे घड्याळं बघतात. गाडीवाला म्हणतो, "विचारलंत ना? आता ऐका."

पूर्वी तो असा नव्हता. आमच्या वस्तीतल्या मोरानांमध्ये, म्हणजे तरण्या लढवय्यांमध्ये, सगळ्यात कमी बोलणारा तोच.

रानातल्या जनावरांसाठी जमीन राखायची ठरली, तेव्हा म्हाताऱ्यांनी मनापासून होकार दिला होता. हत्ती आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचे, त्यांनी जायचं कुठं? मग हद्द आखायला एक साहेब आणि त्याची माणसं आली. सिरोंका शाळा शिकलेला, म्हणून वाट दाखवायला तो. टेकडीवर चढले तर गवत गुडघ्याएवढं. खाली सगळीकडे गुरांनी चरून टाकलेलं, आणि इथं वारं आलं की लाटा उठत होत्या.

"इथं कोण चारतं?" साहेबानं विचारलं.

"कुणीच नाही," सिरोंका म्हणाला. जरा ऐटीतच म्हणाला. आपल्या लोकांची शिस्त परक्याला दाखवताना छाती थोडी पुढे येतेच.

साहेबानं टेकडी हद्दीत घेतली. मोकळीच तर होती.

आता आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ती टेकडी मोकळी नसते, राखलेली असते. चांगल्या दिवसांत तिथं गाय शिरली तर म्हातारे मालकाकडून गोऱ्हा वसूल करतात. पाऊस दगा देतो, पुरुष मोठी गुरं घेऊन लांब निघून जातात, आणि चालू न शकणारी वासरं, एखाददुसऱ्या दुभत्या गाईसकट, बायकांपाशी मागे राहतात, तेव्हासाठी ते गवत. सिरोंकानं हे सांगितलं नाही. का सांगेल? दूध पांढरं असतं, हे कुणी कुणाला सांगतं का?

त्याला हद्दीच्या पहारेकऱ्याचा गणवेश मिळाला, काठी मिळाली. काठी त्याच्याकडे आधीपासून होतीच.

मग पाऊस आला नाही. त्याच्या पुढचाही आला नाही.

नोलमाला वासरं घेऊन टेकडीच्या पायथ्याशी आली, तेव्हा पहाऱ्यावर सिरोंकाच होता. नोलमाला म्हणजे मेपुकोरीची आई, आणि मेपुकोरी याच्याच वयोगटातला, मोरान होताना दोघांची डोकी एकाच दिवशी भादरलेली. सिरोंकानं सवयीनं डोकं खाली केलं. तिनं सवयीनं त्यावर हात ठेवला. हात ठेवून झाल्यावर त्याला, आईला म्हणतात तसं येयो म्हणत, सांगावं लागलं,

"येयो, मागं फीर."

"कुणाला सांगतोयस? मला का वासरांना?"

"वर सोडता येत नाही. हद्द आहे."

"हद्द आमचीच आहे की. माझ्या सासूनं राखली, मी राखली. तू कितीदा इथं मार खाल्लायस, आठवतं? शेळी सोडली होतीस."

"येयो, माझी नोकरी जाईल."

नोलमालानं टेकडीकडं पाहिलं. वर झेब्रे चरत होते. "त्यांना चरू दे," ती म्हणाली. "त्यांनाही पोट आहे. पण एका बाजूला एवढीशी तोंडं लागली, तर काय कमी पडणार होतं?" ती शिव्याशाप न देता वळली. तांबडं वासरू वळेना, तेव्हा त्याला वळवायला सिरोंकाच पुढे झाला. स्वतःच्या हातानं. ते वासरू अंगणातल्या कुंपणापर्यंत पोचलं आणि तिथंच बसलं. पुन्हा उठलं नाही.

आमच्यात मोरान एकट्यानं दूध पीत नाही. वयोगटातला कुणीतरी शेजारी हवा, मगच भोपळा तोंडाला लावायचा. सिरोंकाची आई त्याच्यापुढे भोपळा ठेवायची आणि तो दाराबाहेर बसून राहायचा.

"मेपुकोरी आलाय की गुरांकडनं," आई म्हणाली. "बोलाव त्याला."

"बोलावलं. पोट भरलंय म्हणाला."

"दुष्काळात?"

आईनं भोपळा उचलून आत नेला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "झेब्र्यांना बोलवा की, शिपाईसाहेब." हसायचा आवाज आला, आणि लगेच थांबलाही. तेवढ्या लवकर थांबला, तेच जास्त लागलं.

शेवटी तो स्वतःच साहेबाला घेऊन म्हाताऱ्यांच्या बैठकीला आला. गणवेशातच उभा राहिला. मान वर नव्हती.

"साहेबांनी विचारलं, इथं कोण चारतं. मी कुणीच नाही म्हणालो. का नाही, ते सांगितलं नाही. उरलेलं आज सांगतो." आणि त्यानं टेकडीचं सगळं सांगितलं, तांबड्या वासरापर्यंत.

साहेब म्हणाला, "हे मला तेव्हाच कळलं असतं तर..."

"विचारलंत कुणाला?" एक म्हातारा म्हणाला. "एका पोराला. म्हातारे संपले होते का? आणि राखायच्या बायका. त्यांना कुणी विचारलं? आम्हीसुद्धा नाही विचारलं." त्यावर सगळेच खाली बघू लागले.

टेकडीची एक बाजू दुष्काळात वासरांना मोकळी झाली. बाकीची हद्द तशीच राहिली. वस्तीला ते पटलं. सिरोंकाची नोकरी गेली नाही, पण गेली असती तर बरं झालं असतं, असं त्याचा चेहरा पाहून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मेपुकोरी भोपळा घेऊन दारात आला. "आईनं दिलंय. सरक."

सिरोंका सरकला. "कुठल्या गाईचं?"

"तांबडीचं."

"तिचं वासरू तर..."

"आई तिच्यासमोर त्याचं कातडं धरते. गाय हुंगते, चाटते, मग पान्हा सोडते. रोज फसते बिचारी." मेपुकोरीनं एक घोट घेतला आणि भोपळा पुढं केला. "पी."

सिरोंकानं भोपळा दोन्ही हातांत धरला. आतून धुराचा आणि दुधाचा वास येत होता. तोंडाला लावला, पण घोट काही खाली उतरेना.

मेपुकोरी उठला नाही. सोबत्याचं पिऊन होईपर्यंत उठायचं नसतं. तो टेकडीकडं तोंड करून बसून राहिला, सिरोंकाच्या चेहऱ्याकडं मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.