धाकट्या सुनेची कविता

इकडे ये गं, कागदातूनच का होईना, जवळ सरक. नात म्हणवतेस नि गणपतीपासून इकडे फिरकली नाहीस. वर फोनवर विचारतेस, आजी, नवीन काय? तर ऐक.

आपल्या कशेळ्याच्या रस्त्याला ते फार्महाऊस आहे ना, तिथला रखवालदार नेपाळी. त्याची बायको माझ्याकडे ताक न्यायला यायची. इतकी वर्षं राहून आपल्यासारखंच बोलते. त्यांची लेक तिकडे गावी, आजीपाशी शिकते. यंदा ती आईशी फोनवर बोलेनाशीच झाली. पाठवला तो नुसता वहीच्या पानांचा फोटो. आईला वाचता येत नाही. नवऱ्यानं वाचलं नि म्हणाला, काही नाही, शाळेतली कविता आहे, वनवासाच्या कथेवरची. तिला काही ते पटलं नाही. आली फोन घेऊन माझ्याकडे.

"आजी, तुमी पोथी वाचता ना? हे वाचा."

"अगं, मला नेपाळी कुठं येतंय?"

"मला येतंय. तुमी नुसतं वाचा."

बघते तर अक्षरं आपलीच! आता मी वाचायला शिकले पन्नाशीत, तेही पोथीवर. चालीशिवाय मला वाचताच येत नाही. लागले चालीत. रस्त्यानं जाणारी शेजारीण हात जोडून उभी राहिली. ही हसून हसून खाली बसली. "अवो आजी, आरती नाय ती!"

मग मी वाचायचं, तिनं अर्थ सांगायचा, असं चाललं. कथा आपलीच, पण बोलत होती मागं राहिलेली धाकटी सून. तुम्ही दोघे भाऊ गेलात, थोरलीला बरोबर नेलंत, मला कुणी विचारलंत का, येतेस म्हणून?

"चांगलं लिव्हलंय पोरीनं," ती म्हणाली.

शेवटच्या कडव्यात मी अडखळले. 'आमा' असं दोनदा आलं होतं. तिची लेक फोनवर तिला हीच हाक मारायची. पण धाकट्या सुनेच्या गाऱ्हाण्यात आई कुठून आली?

ती हसायची थांबली. "परत वाचा."

या खेपेला चाल आपोआपच सुटली माझी. मग तिनं हळू सांगितलं, "म्हणते, आई, तुझ्या वनवासाची किती वर्षं राहिली?"

दुसऱ्या दिवशी ती गावी निघाली. नवरा म्हणाला, मालक रागावतील, दोन महिने थांबू.

"मग तू रहा मागं," ती म्हणाली नि कर्जतची जीप धरली.

आता पोरगी बोलते म्हणे आईशी, भांडते पण. इथं रखवालदार ताक न्यायला लाजतो, रोज तांब्याभर उरतं. ते प्यायला तरी ये गं, या रविवारीच ये.