बारा वाजताचा दगड

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभा होतो, तेव्हा फोन आला. केडगावहून औटीबाईंची सून बोलत होती. "काका, आई गेल्या. पहाटे." पुढं ती काय बोलली ते नीट आठवत नाही. माझा नंबर आला, मी जिवंत असल्याच्या कागदावर सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. सहा आठवडे होत आले. तेव्हापासून एका जागी धड बसवत नाही. हा मजकूरसुद्धा मी चार वेळा उठून लिहितो आहे.

सुलभा औटी हे नाव पुरवणीच्या वाचकांना माहीत नसेल. ते माहीत नाही, यात माझा हात आहे. मी तेव्हा शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होतो आणि बाई सुप्याजवळच्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवत. तालुक्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं काम त्यांच्याकडे आलं, ते त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. एरवी गणितवाल्यांची खोली वेगळी, भाषावाल्यांची वेगळी. बाईंनी चौघाचौघांचे गट पाडले, गटात गणित, विज्ञान, भाषा, इतिहास-भूगोल असा प्रत्येकाचा एक एक शिक्षक. अट एकच... आपल्या विषयाचं आपण बोलायचं नाही. कोन समजावायचा तो भाषेच्या गुरुजींनी, आणि गणिताच्या सरांनी शब्द शोधायचे. "आपल्याला जे येत नाही तिथं एकदा बसून बघा," त्या म्हणत, "म्हणजे पोरं रोज कुठं बसतात ते कळंल."

थंडीचे दिवस होते. प्रशिक्षण बघायला मी त्यांच्या शाळेत जीपमधून उतरलो तर वीस-पंचवीस शिक्षक झेंड्याच्या खांबाभोवती उन्हात उकिडवे बसलेले. सकाळपासून दर घंटेला खांबाच्या सावलीच्या टोकावर एकेक दगड ठेवला होता. नुकतीच बाराची घंटा झाली होती आणि बाई वाकून दगड ठेवत होत्या. आम्ही अधिकारी लोक शाळेत गेलो की एकच प्रश्न विचारायचो, तो मी विचारला. "हा तास कशाचा?"

"अजून ठरलं नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "सावली ठरवील."

मागून एक शिक्षक म्हणाले, "साहेब, भूगोलवाला म्हनतो हे गणित हाय, गणितवाला म्हनतो भूगोल हाय. सकाळधरनं भांडान चाललंय. तुमीच मिटवा आता!" सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. त्या हसण्यात माझी टिंगल नव्हती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र कानशिलं तापली. जेवणाआधी मला मार्गदर्शनपर भाषण करायचं होतं. मी सगळ्यांना उठवून वर्गात नेलं. "साहेब, अर्धा तास थांबा, आता तर खरं..." एवढंच बाई म्हणाल्या. मी वळूनही पाहिलं नाही.

निघताना शेरेबुकात लिहिलं: "विषयनिहाय नियोजन आढळले नाही. मैदानावर दगड आढळले. विद्यार्थ्यांना इजा होण्याची शक्यता. त्वरित हटवावेत." दगड हटले. महिनाभरात प्रशिक्षकांच्या यादीतून बाईंचं नावही हटलं, ते मीच वगळलं. कुणी विचारलं तर सांगायचो, "घरच्या अडचणी होत्या, त्यांनीच काम सोडलं." हे खोटं आहे. त्यांनी काहीही सोडलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी आपल्या वर्गावर तसंच शिकवलं. दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला मात्र त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मी निवृत्त झालो आणि वारं फिरलं. विषय वेगळे शिकवू नका, त्यांची सांगड घाला, असं वरून येऊ लागलं. शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका करायची ठरली आणि अनुभवी माणूस म्हणून मला बोलावलं. अनुभव कसला? प्रशिक्षणाच्या अहवालासोबत बाईंनी जोडलेली त्यांची टाचणवही, पाठ कसा घ्यायचा ते टिपलेली वही, माझ्या कपाटात पडून होती. त्यातला सावलीचा पाठ मी उतरवला आणि खाली माझं नाव घातलं. वहीत एके ठिकाणी लिहिलं होतं, "बाराचा दगड ठेवल्यावर थांबा. कुणी उठू नये." मला वाटलं, इथं पाठ संपला. मी लिहिलं: "बारा वाजता सर्वांत लहान सावली मिळते. येथे कृती थांबवावी." पुस्तिका शाळाशाळांत गेली. माझे सत्कार झाले, नारळ मिळाले, शाली मिळाल्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून केडगावला गेलो. उशाशी तीच पुस्तिका होती. आता नावाचं विचारणार, असं वाटलं. बाईंनी पान उघडलं. तिथं पेन्सिलीची खूण होती.

"साहेब, तुम्ही पुन्हा बाराला उठवलंत की सगळ्यांना."

मी पानावर वाकलो.

"बारानंतरही सावली आखडतच राहते. आपल्या नगरला साडेबाराच्या आसपास कुठं ती सगळ्यांत लहान होते. देशाला घड्याळ एकच, पण सूर्य काही सगळ्या गावांत एकदम डोक्यावर येत नाही. पोरं बाराचा दगड ठेवतात आणि सावली दगडाच्या आत सरकते. मग विचारतात, बाई, घड्याळ चुकलं का सूर्य? तो प्रश्न आला की गणित, भूगोल, इतिहास सगळं आपापल्या पायानं चालत येतं. तुम्ही प्रश्नाच्या आधीच सुट्टी दिलीत." धाप लागली, त्या थांबल्या. "तेवढं बारा खोडा."

मी चाचरत म्हणालो, "आणि बाई... नावाचं..."

"नावाचं राहू द्या. पेन्शनर माणूस तुम्ही, तेवढंच करमतं." त्या हसल्या. सुनेनं चहा आणला, तो मी उभ्यानंच प्यालो. दुसरी आवृत्ती निघणार होती. दुरुस्त करतो, असा शब्द देऊन निघालो.

एका ओळीची दुरुस्ती होती. पण ती सुचवली असती तर समितीतल्या तरुण मंडळींनी विचारलं असतं, सर, तुमच्याच पाठात हे तुम्हाला आधी कसं दिसलं नाही? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. दुसरी आवृत्ती बारासकट छापून आली. दिवसकार्याला गेलो तेव्हा सून म्हणाली, "आईंनी नवी प्रत मागवून घेतली होती. ते पान बघितलं आणि मिटून ठेवली." काही म्हणाल्या का, असं मी विचारलं. "न्हाई. चष्मा काढून दिला माझ्याकडं."

म्हणून आता लिहितो. हस्तपुस्तिकेतला सावलीचा पाठ सुलभा औटी यांचा आहे. त्यात जी चूक आहे, तेवढीच माझी. समितीला तसं पत्र दिलं आहे, उत्तर यायचं आहे. ते येईपर्यंत ज्या शिक्षकांकडे ती पुस्तिका असेल, त्यांनी स्वतःच्या हातानं ते बारा खोडावं, ही विनंती.

आज सकाळी गच्चीवर कुंडीत काठी रोवली. कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा ऐकून एकेक दगड ठेवत गेलो. बाराचा ठेवला आणि सवयीनं उठलो. जिन्यापर्यंत गेलो... परत आलो. गुडघे दुखत होते, तरी खाली बसलो. खालून बायको ओरडली, "अहो, पानं घेतलीत, काय चाललंय तुमचं वर?"

"थांब जरा," मी म्हणालो. सावली दगड सोडून बोटभर आत सरकली होती, आणि अजून सरकत होती.