सोळा किलोची सायकल आणि विठ्ठलवाडीचा जिना

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन साध्या माउंटन बाइक आहेत. पुढे सस्पेन्शन, मागे सरळ कडक सांगाडा. एक माझी, एक माझ्या नवऱ्याची, अमोलची. गेल्या महिन्यात त्याला पुढेमागे दोन्हीकडे लांबलचक सस्पेन्शन असलेली, दगडधोंडे गिळत उतरणारी सायकल हवीशी झाली. बेत असा, की दोन्ही साध्या विकायच्या, वर भर घालायची आणि ती एक आणायची. "आलटून पालटून चालवू ना!" म्हणजे रविवारी एकाने डोंगरात जायचं आणि दुसऱ्याने घरी पोहे करायचे. दुसरं कोण, ते मला विचारू नका.

मला माझे रविवार सोडायचे नव्हते. मी गोड आवाजात म्हटलं, "तुझ्या मित्राकडे तसली आहे ना, आधी ती आणून एक दिवस चालवून बघ. मी माझी घेते. फक्त रस्ता मी ठरवणार." बिचारा हो म्हणाला.

जायचं होतं मलंगगडाच्या पायथ्याशी. सरळ रस्ता कल्याण पूर्वेतून जातो, रूळ ओलांडावे लागत नाहीत. मी मात्र विठ्ठलवाडी स्टेशनकडे वळले, कारण "पलीकडे मिसळ झकास मिळते." पलीकडे म्हणजे पादचारी पुलाचा जिना चढून आणि उतरून. माझी सायकल खांद्यावर आरामात बसते. त्याची सोळा किलोची, कुठे धरावी तेच त्याला कळेना. मिसळ खरंच छान होती, चहासकट दोघांचं दोनशेच्या आत भागलं. मग अर्थातच तोच जिना परत.

"अलीकडे मिसळ मिळत नाही का गं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"मिळते रे. पण तर्री नसते."

मलंग रोड शक्यतो सकाळी लवकर गाठा, नंतर डंपर आणि धूळ. दोन बाटल्या पाणी हवंच. डांबरी चढावर त्याची सायकल दर पॅडलला खालीवर डुलत होती आणि मी पुढे गाणी म्हणत होते. पायथ्याच्या गावापुढे पायवाट शेतांमधून एका टेकाडावर जाते. थंडीत इथे वाल पेरतात आणि शेताला काट्यांचं कुंपण घालतात. कुंपण मोडायचं नाही, सायकल उचलून पलीकडे न्यायची, हा इथला रिवाज. वाटेत चार कुंपणं आहेत. मला माहीत होतं. वालाला पाणी घालणारे एक आजोबा हातातलं काम थांबवून बघत राहिले.

"अरं बाला, ही गारी तुला नेते का तू गारीला नेतंस?"

मी हसू दाबायला पाणी प्यायले.

टेकाडावरून उतरताना मात्र चित्र पालटलं. खडकाळ उतारावर तो सुसाट गेला, आरोळ्या ठोकत. मी ब्रेक आवळत, दात वाजवत, अर्धा उतार चालत आले. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी मनाची तयारी करून बसले. खरं सांगायचं तर आपल्या भागात उतार पाच मिनिटांचा आणि उचलाउचल तासाची, त्यामुळे साधी सायकल पुरते. पण त्याच्या आरोळ्या कानातून जात नव्हत्या. मीच म्हटलं, "घे ती सायकल."

"नको. खाली पोचलो आणि तुझी वाट बघत बसलो. एकटाच आलेलो असतो तर सांगितलं कोणाला असतं?"

मग मात्र मला राहवेना. मिसळ, जिना, कुंपणं, सगळं कबूल केलं.

"मला पहिल्या जिन्यावरच कळलेलं," तो म्हणाला.

"मग परत का उचललीस?"

"तू पुढे एवढी खूश होऊन चाललेलीस. म्हटलं, चालू दे."

त्याच्या खांद्यावर सायकलच्या दांड्याचा लाल वळ उठला होता. मी बाम आणायला उठले.