एमिकोच्या कुशीतली पारख

पिंगेलाप बेटावर मूल दोन महिन्यांचं झालं की पहिली धाव एमिकोकडे. ती बाळाला छातीशी धरून दारात, भर उन्हात उभी राहायची. तिचे स्वतःचे डोळे तेव्हा गच्च मिटलेले, कारण ती मास्कुन. म्हणजे रंगांची ओळख नाही आणि उन्हाशी जन्माचं वैर. पण बघायची गरजच काय? मास्कुन बाळ उजेड लागताच तिच्या कुशीत तोंड खुपसायचं. तिची पारख कधी चुकली नाही.

तिचा धाकटा भाऊ ओलद्रिकही तसाच. दोघं दिवसभर नीरफणसाच्या दाट सावलीत बसून केवड्याच्या चटया विणत, एकमेकांच्या खोड्या काढत. "पिकलेलं केळं लाल असतं की पिवळं?" असं कुणी छेडलं की ओलद्रिक म्हणायचा, "तुम्ही रंग बघत बसा, आम्ही वासावर खाऊन मोकळे!" दिवस मावळला की मात्र दोघांचे डोळे उघडत, आणि अंधारात ती खडकांवर सुसाट पळत. "खेकडे निघाले रे!" पोरं ओरडायची आणि मागे धावताना स्वतःच ठेचकाळायची. काय दिवस होते ते!

ओलद्रिक गेला आणि सावलीतली दुसरी चटई रिकामी पडली. घरात माणसं भरपूर, पण सगळी उन्हात वावरणारी.

मग लेकीला, सेर्लीनला, मुलगी झाली. घरदार प्रार्थना करू लागलं, पोरीचे डोळे धड असू देत. एमिकोही मोठ्याने म्हणायची, "असू देत बाबा." पण मनात चोरटी आस होती, एक तरी आपल्यासारखी निघू दे. त्या आसेची तिला लाज वाटायची; आस मात्र जाईना.

दोन महिने भरले. एमिको नातीला घेऊन दारात उभी राहिली. ऊन रणरणत होतं.

"काय गं आई?" सेर्लीनने जवळ येत विचारलं.

एमिको थांबली. आणखी थोडी थांबली. पोर कुशीकडे वळेना. उजेडाकडे मान करून खुशाल हुंकार देत होती.

"सांग ना गं! जीव टांगणीला लागलाय."

"डोळे उघडे आहेत गं. टक्क उघडे."

घरात एकच हसू फुटलं. सेर्लीनने बाळाला उचललं, तशी आईच्या गालावरचं पाणी तिला दिसलं.

"अगं, किती वेळ उभी राहिलीस! आत हो बघू. ऊन लागलं तुझ्या डोळ्यांना."

"हो गं," एमिको म्हणाली, "ऊनच लागलं."