काचेपलीकडची खूण

सोलापूर स्टेशनवर गाडी हलण्याआधी बंद काचेपलीकडून माझ्या वडिलांनी, आबांनी, उजवा हात पुढे ढकलला. माग चालू कर, अशी ती खूण. आबा काम करतात त्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात शब्द पोचत नाहीत, म्हणून तिथले कामगार हातांनी बोलतात. आमच्या घरातही ती भाषा लहानपणापासून रुळलेली. प्लॅटफॉर्मवर आई म्हणाली होती, "ह्या वयात बाया लेकरांस्नी हॉस्टेलात धाडत्यात, आमची सोताच निघाली." आबांना ते ऐकू आले नव्हते. आम्ही दोघी का हसलो, हे त्यांनी विचारलेही नाही.

अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य एकत्र शिकण्यासाठी, पस्तिशी उलटल्यावर, मी बँकेतली नोकरी सोडून दिल्लीला आले. वर्गातली मुले मला 'मॅम' म्हणतात. सकाळी मजुरीचे सिद्धान्त, दुपारी गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती; दोन्ही तासांना मला एकच माणूस दिसतो. एका सेमिनारमध्ये प्राध्यापकांनी विचारले, धोक्याच्या कामासाठी कामगार जादा मजुरी मागतो का? आबांनी जादा मजुरी कधी मागितली नाही. माझा पगार थांबल्यापासून ते जादा पाळी मागतात.

कानांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे: माग सोडला तर उरलेले ऐकू येणे टिकेल. आबांचे उत्तर ठरलेले, "तुजं शिकून हू दे, मग सोडतो की." बँकेत परत जाते म्हटले, तर दोन दिवस फोनवर येत नाहीत.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आवाज वाया जाणार हे ठाऊक असल्याने मी तळहात आडवा धरून खाली आणला. माग बंद करा. मग त्यांनी उजवा हात पुढे ढकलला.

"मलाबी कळतंय की तुमचं," आई म्हणाली, आणि फोनसमोरून उठून गेली.

गाव सोडून माझ्यासारखे दूर आलेले बहुधा म्हणतील, घर हळूहळू परके होते. माझे उलट झाले. तिथे असताना, घर कशावर चालते हे न समजताही मला त्यात राहता येत होते. आता ते पुरते समजते, आणि झोप लागत नाही.

तुम्ही जे तिथेच राहिलात, त्यांना एवढीच विनंती: पाळी सुटल्यावर आबा भेटले, तर खुणा करू नका. जवळ जाऊन, जरा मोठ्याने बोला. अजून त्यांना थोडे ऐकू येते.