मानसिंगअण्णांचा काळा रंग

पिकअपमधला पेट्रोलचा पंप रुसला की ड्रायव्हरने गाडीखाली शिरायचे आणि पान्याच्या दांड्याने त्याला एक ठोका द्यायचा, अशी आमच्या कारखान्यात पद्धत पडली होती. ठोका बसला की पंप बहुधा टिकटिक करू लागे आणि गाडी चालू होई. ड्रायव्हर कपडे झटकून पुढे निघे आणि मी माझ्या नोंदवहीत ‘किरकोळ बिघाड’ असे लिहून मोकळा होई. मानसिंगअण्णांना मात्र या ठोक्याची चीड होती. "हे रिपेर नव्हे," ते म्हणत. "पोर रडतंय म्हणून चापट मारली, ते गप्प झालं. त्याला काय दुखत होतं ते कुणी बघितलं?"

अण्णा आमच्या वर्कशॉपमधले गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळूरला आले आणि इथलेच झाले. मी १९५४ साली पुण्याहून आलेला, वाहन विभागातला कारकून. त्यांचे मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचे. वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचे. पण परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की जीव स्थिरावतो. दुपारचा डबा मी त्यांच्याबरोबर खाऊ लागलो, आणि त्यांनी माझे ‘विद्याधरप्पा’ करून टाकले.

त्यांना कानडी लिहिता-वाचता येई, मराठी जेमतेम, इंग्रजी अजिबात नाही. कारखान्याचे सगळे कागद इंग्रजीत. त्यामुळे रजेचा अर्ज असो की सामानाची मागणी, ते बोलायचे, मी इंग्रजीत लिहायचो आणि मग मराठीत वाचून दाखवायचो. ते डोळे मिटून ऐकत, "सरी", म्हणजे बरोबर, असे म्हणत आणि सही करत. सात वर्षांत त्यांनी मला एकही ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली नाही.

१९६१ साली ते पंचावन्नाचे होणार होते. डिसेंबरअखेर निवृत्ती. गुडघे गेले होते. गाडीखालून बाहेर येताना ते आधी एका कुशीवर होत, थोडे थांबत, मग हाताने मडगार्ड धरून उठत. तरी त्यांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज केला होता, कारण घरी पत्नीला, रत्नाबाईंना, दमा होता आणि कारखान्याच्या दवाखान्यातले औषध नोकरीबरोबरच बंद होणार होते. तो अर्जही मीच लिहिला होता.

त्या दोन पिकअप वर्षभरापूर्वी आलेल्या. विलायती बनावटीच्या, मागच्या टाकीपाशी सांगाड्याला विजेवर चालणारा पंप बसवलेला. किल्ली फिरवली की तो टिकटिक करून पेट्रोल पुढे ढकलायचा. टिकटिक ऐकू आली नाही तर गाडी हलणार नाही हे समजायचे. यातली एक बसवंताकडे होती. बसवंत बेळ्ळंदूरचा, तिशीतला, कमी बोलणारा. तीन वर्षे तात्पुरता ड्रायव्हर होता आणि कायम होण्याची त्याची फाइल साहेबांच्या टेबलावर पडून होती. दुसरी गाडी एका जुन्या ड्रायव्हरकडे होती आणि ती येलहंक्याच्या गोदामावरच असायची. ती कधीच बंद पडली नाही. बसवंताची मात्र महिन्यातून दोनदा तरी पडायची.

अण्णांनी त्या पंपात तीनदा नवे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोके, घातले. प्रत्येक वेळी महिनाभर ठीक चाले, मग पुन्हा तेच. "मला समजत नाही," ते एकदा डबा उघडता उघडता म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

सप्टेंबरच्या अखेरीस ती पिकअप येलहंक्याच्या अलीकडे रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. बसवंताने खाली शिरून ठोके दिले, पंप बोलला नाही. शेवटी आजूबाजूच्या लोकांनी गाडी ढकलून काढली, पण तोवर मालगाडी सिग्नलपाशी उभी करावी लागली होती. रेल्वेचे कडक पत्र आले. आमचे साहेब फौजेतून निवृत्त झालेले मेजर. त्यांचा हिशेब सरळ होता: दोन गाड्या एकाच बनावटीच्या, पेट्रोल एकच, रस्ता एकच. एक चालते आणि दुसरी बंद पडते, तर दोष ड्रायव्हरचा. बसवंताला मेमो मिळाला. दहा दिवसांत समाधानकारक खुलासा झाला नाही, तर कायम करणे दूरच, कामावरून कमी.

बसवंत मेमो घेऊन अण्णांकडे आला. त्याने काही मागितले नाही. नुसता कागद पुढे केला आणि उभा राहिला. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. मी बघतो."

चार दिवस ते बघत होते. त्यांच्याजवळ एक साधा दिवा होता, होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन तारा. पंपाला बॅटरीकडून वीज येते का ते त्यावर तपासायचे. एक टोक पंपाच्या तारेला, दुसरे खरवडलेल्या लोखंडाला. बल्ब लख्ख लागला. वीज येत होती. मग पंपात दोष असावा म्हणून पंप उघडला, पॉइंट चकचकीत होते. पुन्हा बसवला, टिकटिक सुरू. ते तसेच गाडीखाली पडून राहत, आणि मला वर्कशॉपच्या दारातून फक्त त्यांचे पाय दिसत.

पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले. "ती दुसरी गाडी," ते म्हणाले, "गेल्या दसऱ्याला कुठं होती? तुमच्या बुकात बघा."

मी पाहिले. येलहंक्याला. गेल्या दसऱ्याला ती वर्कशॉपमध्ये आलीच नव्हती.

"आणि बसवंताची पहिल्यांदा कधी बंद पडली?"

मी पुन्हा पाहिले. दसऱ्यानंतर सतराव्या दिवशी. त्याआधी एकदाही नाही.

अण्णा म्हणाले, "चला. दाखवतो."

इथे आयुधपूजेचे सांगायला हवे. खंडेनवमीला बंगळूरात यंत्रांची, हत्यारांची, गाड्यांची पूजा होते. गाडीला विभूती, कुंकू, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. अण्णांच्या घरी पूर्वजांची तलवार होती, तिची पूजा ते सकाळी उरकत आणि मग कारखान्यात येत. पण त्याआधीचा आठवडाभर ते वर्कशॉपमधली प्रत्येक गाडी खालून धूत आणि सांगाड्याला काळा रंग देत. कुणी सांगितले नव्हते, कामात बसत नव्हते. वरची बाजू सगळेच चमकवतात, खालून कोण बघतो, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "पूजेला बसायचं तर पायही धुतलेले पाहिजेत." पान्याने खोललेला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक तारेचे टोक ते रंगवून मगच परत बसवत. आणि नंतर वर्षभरात काही खोलले, तर झाल्यावर त्या जागी पुन्हा ब्रश फिरवत, म्हणजे डाग दिसू नये.

मी कधी गाडीखाली शिरलो नव्हतो. त्या दिवशी शिरलो. अण्णांनी दिव्याचे एक टोक पंपाला येणाऱ्या विजेच्या तारेला लावले आणि दुसरे पंपाच्याच अंगाला. बल्ब नुसता लालसर झाला. मग तेच दुसरे टोक सांगाड्याच्या खरवडलेल्या जागी लावले, लख्ख उजेड.

"वीज येते, पण सांगाड्यातून बॅटरीकडे परत जायला वाट नाही," ते म्हणाले. "ही बघा अर्थिंगची तार. पंपातून निघून इथं बोल्टखाली दाबलीय. तिच्या टोकाची कडी रंगावर बसलीय. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडी थोडी जायची, खड्ड्यात गाडी आदळली की तीही बंद. दांड्याचा ठोका बसला की कडी हलायची, कुठंतरी लोखंडाला लागायची, पंप चालू. मी पॉइंट बदलायला पंप काढायचो, बोल्ट फिरवायचो, म्हणून महिनाभर चालायचा. आणि वरून पुन्हा रंग द्यायचो." त्यांनी त्या जागेवर बोट ठेवले. "माझा रंग."

त्यांनी बोल्ट काढला, कडी आणि सांगाडा चाकूने खरवडून चकाकते लोखंड वर आणले, तार आवळून बसवली. पंपाची टिकटिक इतकी ठणठणीत आली, की मलाही फरक कळला.

त्याच दुपारी त्यांनी अहवाल सांगितला. दोष अर्थिंगचा. कारण रंग. रंग मानसिंग इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या मर्जीने दिला. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. मी पेन घेऊन बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा मुदतवाढीचा अर्ज होता. रुळांवर गाडी बंद पडायला कारण झालेल्या माणसाला कोण मुदतवाढ देणार? कागदावर आपली चूक आपण होऊन लिहायची नसते, हे मी कारकुनीत पहिल्या वर्षीच शिकलो होतो. आणि बसवंत काय, दोष यंत्राचा ठरला की सुटणारच. मी लिहिले: अर्थिंगच्या जागी गंज चढल्याने पंपाला वीज मिळत नव्हती. रंगाचा उल्लेख केला नाही.

मग नेहमीप्रमाणे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी जे सांगितले होते ते, रंगासकट, जसेच्या तसे. त्यांनी डोळे मिटून ऐकले, "सरी" म्हणाले आणि सही केली. मला वाटले, आपण एका म्हाताऱ्याचे भले केले. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मला स्वतःचे कौतुकही वाटले.

तिसऱ्या दिवशी बसवंताच्या मेमोवर साहेबांचा शेरा आला. गंज चढला म्हणजे गाडी धुतली-पुसली नाही. गाडी स्वच्छ ठेवणे हे ड्रायव्हरचे काम. महिनाअखेर कमी करावे.

बसवंताला हा शेरा शेजारच्या टेबलावरच्या त्रिविक्रमने कानडीत समजावून सांगितला. बसवंत तडक वर्कशॉपमध्ये गेला. पाच मिनिटांत अण्णा हात पुसत आले. "गंज कुठला?" त्यांनी मला विचारले. "रोज गाडी धुतो हा. गंज कुणी सांगितला त्यांना?" मी म्हणालो, काहीतरी गैरसमज असेल. "मग चला," ते म्हणाले, "तुम्ही इंग्रजीत सांगा."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी फाइलमधून अहवाल काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "यांची सही आहे. तुम्हीच वाचा आणि यांच्या भाषेत सांगा."

अण्णा माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. मला अजून एकदा खोटे वाचता आले असते, पण समोर साहेब होते आणि दाराबाहेर बसवंत उभा होता. मी कागदावर होते तेच वाचले. अडीच ओळी होत्या.

अण्णांनी साहेबांकडे कागद मागितला, त्यांचेच पेन मागितले आणि आपल्या सहीखाली उभ्यानेच कानडीत लिहिले. मग तेच मोडक्या हिंदीत तोंडी सांगितले. गंज नव्हता. रंग होता. रंग माझा. या माणसाचा दोष नाही.

साहेबांनी बसवंताचा मेमो तिथेच रद्द केला. पुढच्या महिन्यात बसवंत कायम झाला. अण्णांच्या मुदतवाढीच्या अर्जावर ‘शिफारस नाही’ असे आले, आणि नियमाने दुसरे काही येणारही नव्हते.

व्हरांड्यात मी त्यांना गाठले. म्हणालो, "अण्णा, तुमच्यासाठीच केलं हो. रत्नाक्कांच्या औषधासाठी." ते थांबले. रागावले असते तर बरे वाटले असते. थकलेल्या आवाजात एवढेच म्हणाले, "मला वाचता येत नाही म्हणून मी सही करत नव्हतो. तुम्ही वाचत होता म्हणून करत होतो."

उरलेले दोन महिने त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना एकेक करून गाडीखाली नेले. कडी बसवायची जागा लोखंड चकाकेपर्यंत खरवडायची, तार आवळायची, वर ग्रीस लावायचे, मग हवा तर रंग. पंपापासून थेट बॅटरीच्या अर्थिंगपर्यंत एक जादा तार त्यांनी दोन्ही पिकअपना स्वतः ओढून दिली. दर तीन महिन्यांनी बल्ब लावून बघायचे, हे बसवंताकडून पाठ करून घेतले. त्या गाड्या मी नोकरीत असेपर्यंत पंपासाठी कधी थांबल्या नाहीत. डबा मात्र ते वर्कशॉपमध्येच खाऊ लागले, आणि मला तिकडे जायचा धीर झाला नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी त्यांचे निवृत्तीचे कागद आले. आठ-दहा पाने, सगळी इंग्रजीत. शिपायाने ती त्यांच्या हातात दिली. मी पेन उघडून, समोरची खुर्ची जरा ओढून ठेवली. अण्णा माझ्या टेबलावरून पुढे गेले आणि त्रिविक्रमसमोर बसले. त्याने एकेक ओळ कानडीत सांगितली. अण्णा प्रत्येक ओळीला त्याला थांबवत आणि म्हणत, पुन्हा वाच.