जुंपून बघितलेल्या दीर्घिका

सोमवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाका, असं माझ्या गाइडनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी काष्टीजवळच्या आमच्या घरी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. दोन वर्षांचं काम होतं ते. आकाशातल्या एका समूहात शेकडो दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारख्या. त्यांतल्या शेजारी-शेजारी दिसणाऱ्या मी जोड्या म्हणून निवडल्या होत्या. जोडीतल्या दोघींचे वेगही बहुतेक सारखे निघाले होते. गाइड म्हणाले, एवढ्या गर्दीत वेग योगायोगानंही जुळतील. मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

शनिवारी आबा, म्हणजे माझे वडील, बैलबाजार करून आले. त्यांचा सगळा जन्म बैलांच्या दलालीत गेलेला. तोंड का उतरलंय म्हणून त्यांनी विचारलं. मी चिडूनच सांगितलं, की दोघी शेजारी आहेत, सारख्या चालतात, तरी जोडी मानायला कुणी तयार नाही. ते चूळ भरून आले आणि पायरीवर टेकले.

"आदी जोडी मोड. एकेकाला दुसऱ्याच्या बैलासंगं जुंप. तितंबी तसाच चालला, तर जोडी कसली? त्यो बैलच गरीब हाय, कुनासंगंबी चालंल."

मी ताडकन उठले. फोन आल्यापासून सूत्रांशी झटापट चालली होती माझी. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

सगळ्या जोड्या मोडल्या. प्रत्येक दीर्घिका समूहातल्या कुठल्यातरी परक्या दीर्घिकेशी जुंपली, वेगांमधला फरक काढला, आणि हेच हजार वेळा करायला कॉम्प्युटरला लावलं. आलेख आला. परक्या जोड्यांचे फरक पार पांगलेले, आणि माझ्या जोड्यांचे शून्याजवळ दाटीनं बसलेले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढला. तोच आला. त्या खरंच बरोबरीनं चालत होत्या! मी आलेख गाइडना पाठवला आणि अंगणात अनवाणी येरझाऱ्या घातल्या. तासाभरात त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की प्रकरण राहू द्या.

मी ओरडतच घरात गेले. आबांनी चष्मा लावून आलेख बराच वेळ बघितला, मग किती वेळा जुंपल्या म्हणून विचारलं. हजार, म्हटलं.

"मंग सोड आता त्यांना. आन् तूबी दोन घास खा."

सकाळपासून मी जेवलेच नव्हते, हे तेव्हा मला आठवलं.